कॅप्टनचा बदललेला आवाज

द्वारका, नाशिक
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय नाझिया बेटा,

अस्सलामु अलैकुम. इकडे सगळं ठीक. पहाटे थंडी पडायला लागलीय; अम्मीच्या गुडघ्यांना ती बातमी आधीच लागली होती.

आपल्या अंतराळयानाच्या मालिकेचा चौथा सीझन एकट्यानं संपवला. किंमत सांगतो: दोन रविवार, एक पातेलं दूध आणि "गॅस बंद करा" ऐकू आलं नाही म्हणून अम्मीचा अबोला. माझ्यासारख्या कानाच्या माणसाला ऐकू आलं नाही, हे तिला पटत नाही. ऐकू आलं होतं.

यंदा यानाच्या इंजिनाचा आवाज बदललाय. लग्नाच्या मांडवामागे लावतात तसला जनरेटर आहे तो, आणि त्याचं एक नोझल खराब आहे. अंतराळात हवाच नाही तर आवाज कसा, असं तू विचारायचीस. ते त्यांना विचार, नोझलचं मला विचार. यानावरचा यंत्रमानव काही मरत नाही. ज्याच्या तोंडी एवढे विनोद दिलेत त्याला मारत नसतात, लोक शिव्या घालतात.

पण खरी गोष्ट कॅप्टन व्हेराची. बर्फाच्या ग्रहावरून परतली ती व्हेरा नाहीच, तिची नक्कल आहे! चेहरा तोच, चाल तीच, आवाज दुसरा. पहिल्या वाक्याला ओळखलं. खरी व्हेरा तिकडे बर्फात कोंडलेली आहे आणि पाचव्या सीझनला सापडणार.

गॅरेजमध्ये चहाच्या वेळी सगळ्यांना सांगून टाकलं. सायखेड्याचे पुंजाभाऊ ट्रॅक्टर घेऊन आले होते. म्हणाले, "खाजाभाई, बाई दमली आसंल. बर्फातून आली ना?"

"भाऊ, शाळा सातवीत सुटली. तेव्हापासून इंजिनं कानानं ओळखतोय. हे कान कधी चुकले नाहीत. यांच्यावरच घर बांधलं, पोरीला नर्स केलं."

"मंग त्या पोरीलाच इचारा की. ती काय म्हणती?"

मी पाना उचलला आणि कामाला लागलो. तू फोन उचलत नाहीस, हे त्यांना काय सांगू? म्हणून हे पत्र.

त्या दिवशी तू फोनवर जर्मनीच्या नोकरीचं सांगितलंस. एका सुरात, न थांबता. मी म्हणालो, "ही माझी नाझिया नाही. कोणीतरी पढवलेलं बोलतंय." तू फोन ठेवलास. अम्मी म्हणाली, "तुमच्याशी बोलायचं म्हणजे पोरगी पाठ करूनच बोलणार. मी पण करते." मी हसण्यावारी नेलं.

परवा तेजस्विनी मॅडम त्यांची गाडी न्यायला आल्या. कॉलेजात शिकवतात, आपलीच मालिका बघतात. त्यांना व्हेराचं सगळं समजावून सांगितलं, तर हसायलाच लागल्या. "अहो खाजाभाई, मी इंग्रजीत बघते. आवाज तोच आहे. हिंदीत तिचं बोलणारी बाई बदलली असेल."

"मग व्हेरा?"

"व्हेरा व्हेराच आहे हो!"

घरी येऊन इंग्रजीत लावलं. शब्द एक कळला नाही, आवाज कळला. आधी तिसरा सीझन ऐकला, मग चौथा. एकच बाई. अम्मी दारात उभी होती. तिनं टीव्ही बंद केला.

येत्या शुक्रवारी तू निघणार, असं तिच्याकडूनच समजलं. गुरुवारी दुपारी आम्ही दोघं पुण्याला येतोय. हॉस्टेलवर आलेलं चालणार नसेल तर समोरच्या चहावाल्याकडे बसू. अम्मीनं नानखटाई केलीय, जास्तच केलीय. मी समजवायला येत नाही. जा, असं तोंडानं म्हणायला येतोय. तू खाली आलीस तर तुझ्यासमोर म्हणेन, नाही आलीस तर इथं लिहिलंय ते धर.

व्हेराचं भाकीत मी गॅरेजमध्ये जाहीर मागं घेतलं. पुंजाभाऊंनी त्या आनंदात सगळ्यांना चहा पाजला आणि पैसे माझ्या नावावर मांडायला लावले.

नाझिया, त्या दिवशी फोनवर तूच बोलत होतीस.

तू म्हणशील तिथं थांबणारा,
अब्बा