कर्नलमधला घरभेदी

सोमवार, २४ नोव्हेंबर. सकाळी १०.१०
पोलादपूर. शरद सरांच्या सेवा केंद्रात आजपासून मी अधिकृत. इथे पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले निघतात. अंगठ्याचं मशीन मध्येच गायब होतं आणि कॉम्प्युटर बंद-चालू केल्याशिवाय परत दिसत नाही. चालू कॉम्प्युटरला काही जोडलं किंवा काढलं, तर कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, आपोआप कळायला हवं. याला हॉटप्लग म्हणतात. सरांना म्हटलं, कर्नलच दुरुस्त करतो. मुदत शनिवार. जमलं तर नोकरी पक्की.
आयटीआय एका वर्षात सोडली, पण कर्नलवरचे चौदा व्हिडिओ पाहिलेत. दोन पूर्ण.
गेले पंधरा दिवस मी इथे वायफायसाठी पडीक असतो. बिघाडही पंधरा दिवसांचाच. योगायोग.
मोबाईल चार टक्के. मशीनच्याच यूएसबी हबला, म्हणजे चार वायरी घेणाऱ्या डबीला, चार्जिंगला लावला.

१०.१२
मशीन गेलं. नेमका सुंदराबाईंचा अंगठा. त्यांचा नवरा शाळेत शिपाई होता, त्याची पेन्शन. महिनाअखेरीपर्यंत दाखला गेला नाही तर थांबणार. वाडीवरून चालत येतात. म्हणाल्या, आज पन मी मेलेलीच हाय का रे?

मंगळवार, २५
काउंटरवर सेजल बसते. तिचा मामेभाऊ रुचिर याच नोकरीवर टपलाय. लक्षात ठेवावे.
कर्नलमध्ये एक ओळ घातली. मशीन सुटलं की वेळ छापायची. आता चोर सापडणार. स्क्रीनवर आधीपासून 'ओव्हर-करंट' अशी दुसरीच ओळ सारखी यायची, ती काढून टाकली. तपासात पसारा नको.
मागच्या जुन्या कॉम्प्युटरवर कंपाईल लावलं, म्हणजे बदललेला कर्नल नव्याने बांधायला घातला. तीन तास लागणार. तेवढ्यात ओळखीचा टेम्पोवाला भेटला. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून आलो. डोकं शांत लागतं.

दुपारी ४.०५
सेजल सांगते, तू नव्हतास तेव्हा अकरा अंगठे घेतले, एकदाही अडलं नाही. मुद्दाम सांगते. मोबाईल चार्जिंगला लावून तिच्या हातांवर नजर ठेवून बसलो. दोन मिनिटांत मशीन गेलं. हात जागेवरच होते. पायाने करत असेल.
निष्कर्ष: मी गेलो की चालतं, मी आलो की पडतं. माझी बदनामी करायची आहे.

बुधवार, २६. सकाळी १०.२०
पहाटे पाचला उठायचा निश्चय. साडेनऊला उठलो, पण ठामपणे. नवा कर्नल घातला. मोबाईल चार्जिंगला.

१०.२१
गेलं. वेळ मात्र सुंदर छापली. सुंदराबाई परत वाडीवर गेल्या, चालतच.
सरांवरही संशय. नोकरी द्यायचीच नसेल तर?

गुरुवार, २७. सायंकाळी ५.३०
गडाखालच्या हिरकणीवाडीत गाईड हवेत असं कळलं, म्हणून सकाळी तिकडेच गेलो. तीन पाहुण्यांना गडाचा इतिहास सांगितला. चौथा इतिहासाचा शिक्षक निघाला. परत आलो. दिवसभर मशीन व्यवस्थित, म्हणे. मोबाईल मेला होता. लावला.

५.३१
गेलं. मी पाय ठेवायची वाट बघतात.

शुक्रवार, २८. ११.१५
मोबाईल लावला. ११.१६ ला मशीन गेलं. सुंदराबाईंनी अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवला, तीनदा. त्यांना वाटतं, अंगठाच झिजलाय. भांडी घासून झिजतो म्हणे. मी म्हटलं, मावशी, दोष तुमचा नाय, इथे घरभेदी आहे. उद्या सगळ्यांसमोर नाव सांगतो. सेजल हसली. टिपून ठेवलं.

शनिवार, २९. दुपारी १
सर, सेजल, सुंदराबाई आणि रांगेतले सहा जण. सेजलला कर्नलने छापलेल्या वेळा वाचायला लावल्या. मी या वहीतून त्या वेळी कोण काय करत होतं ते वाचणार होतो.
ती म्हणाली, बुधवार १०.२१. मी वाचलं, १०.२०, मोबाईल चार्जिंगला. ती म्हणाली, गुरुवार ५.३१. मी वाचलं, ५.३०, मोबाईल लावला. ती म्हणाली, शुक्रवार ११.१६. मी पान उलटलं. सर म्हणाले, वाच ना. वाचलं. जरा हळू.
सेजलने माझी वायर काढून मोबाईल माझ्या हातात दिला आणि जुना कर्नल चालू केला. सर स्क्रीन वर सरकवून जुने मेसेज वाचत बसले. ओव्हर-करंट, ओव्हर-करंट. हबवर भार झाला की कर्नल स्वतःच वीज तोडत होता. पंधरा दिवस ओरडून सांगत होता. ती ओळ कुणी काढली, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, तपास चालू आहे.
सुंदराबाईंनी अंगठा ठेवला. मशीनने पहिल्या झटक्यात घेतला. पावती उलटसुलट बघून म्हणाल्या, हाय रे बाबा, जिती हाय. मग जाता जाता माझ्याकडे बघून, उगा मशीन बंद-चालू करत बसले, या पोराला काढायचा होता.
सर म्हणाले, सोमवारपासून रुचिर येईल.
मोबाईल सात टक्के. महाडला जाणाऱ्या एसटीच्या चालकाला चार्जिंगचं विचारलं. तो पण माझ्याकडे संशयानेच बघतो.