तोंडाची वाफ आणि गाठीतले जंतू

तीर्थरूप मामांच्या चरणी भाचीचा (मास्क काढून, हात दोनदा धुऊन) साष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण "ठणठणीत" याखेरीज दुसरं उत्तर तुमच्याकडून आल्याचं घरात कुणाला आठवत नाही. गेल्या वर्षी आतड्यातली गाठ काढायला तुम्हाला स्ट्रेचरवरून नेत होते, तेव्हाही तुम्ही ठणठणीतच होतात. मामीची खुशाली मी फोनवर विचारते (ती खरं सांगते). असो. आता पंखा लावा, खुर्चीत नीट टेकून बसा आणि वाचा. मामा, जंतू खरे निघाले! माझे नव्हेत, गाठीतलेच! गुरुवारपासून माझे पाय जमिनीवर नाहीत.

तुम्ही पाण्याच्या टाक्यांत औषध टाकून तीस वर्षं जंतू मारलेत, त्यामुळे हे तुम्हाला सांगताना थोडी भीती वाटते. पण गेली दोन वर्षं मी त्यांच्याच मागावर आहे. कॅन्सरच्या गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत (आम्ही तिला ब्लॉक म्हणतो) घट्ट बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे, हे माझं काम तुम्हाला ठाऊक आहेच (लग्नांमधून तुम्ही "आमची भाची कॅन्सर कापते" असं सांगत फिरता, ते कृपया थांबवा). तर आतड्याच्या चाळीस गाठींचे काप काढले आणि बऱ्याच काचांवर लाल ठिपके दिसले. ठिपके म्हणजे जंतू, आणि तेही तोंडात राहणाऱ्या जातीचे. एरवी दातांच्या फटीत नांदणारी ही मंडळी आतड्यातल्या गाठीत काय करत होती, गाठ वाढवत होती की नुसती आयती जागा बघून शिरली होती, हे अजून नक्की कुणालाच सांगता येत नाही. पण ती तिथे आहेत, एवढ्यानेच आमची सगळी प्रयोगशाळा वेडी झाली होती.

आणि मग आमच्या मोठ्या बाईंनी (खात्याच्या प्रमुख, हसल्या तर कॅलेंडरवर खूण करावी) एक रिकामा ब्लॉक कापायला सांगितला. नुसतं मेण, आत गाठबीठ काही नाही. त्यावर ठिपके आले तर घाण आपलीच, असा साधा हिशेब. मामा, त्याच्यावरही ठिपके! दोन वर्षांच्या काचा कचऱ्यात जाणार आणि मी जुन्या नोंदींच्या खोलीत वह्यांना नंबर घालत बसणार, हे बाईंनी तोंडाने सांगितलं नाही, पण त्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली.

मग सुरू झाली झडती. कापूस लावलेल्या काड्या घेऊन आम्ही सुटलो. सुरी तपासली, काप तरंगवायचं पाणी तपासलं, दाराच्या मुठी, नळ, माझी नखं, काचा रंगवणाऱ्या गृहस्थांची मिशी (ते अजून माझ्याशी बोलत नाहीत). सापडलं काही नाही. आठवडा झाला. शेवटी बाईंसमोर रडकुंडीला येऊन उभी असताना मी चष्मा काढला, त्यावर तोंड उघडून "हाः" केलं आणि पदराने पुसायला लागले. बाई बघतच राहिल्या. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "हे तुम्ही ब्लॉकवरही करता?"

करते ना! आमच्या धंद्यात सगळेच करतात. मेण कोरडं पडलं की काप चुरगळतो, म्हणून ब्लॉकवर तोंडाची वाफ सोडायची, की पुढचा काप कसा सुळ्ळकन येतो. मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. वीस वर्षं मी इमानेइतबारे वाफ सोडतेय, त्यातली दोन वर्षं तोंडातले जंतू शोधताना! शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठ्या बाई मात्र ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की सगळं पुन्हा कापा, तोंड बांधून.

कापलं. दोन मास्क, बंद काचपेटी, वाफेऐवजी बर्फ. सवय अशी वाईट, की दर कापाला तोंड आपोआप उघडायचं आणि मास्कच्या आतच "हाः" व्हायचं, की चष्मा धुरकट. गुरुवारी काचा तयार झाल्या. रिकामा ब्लॉक स्वच्छ, आरशासारखा! आणि गाठीच्या काचांवर ठिपके होते. कापाच्या वर पडलेले नव्हेत मामा, पेशींच्या आत, केंद्रकाला चिकटून बसलेले. बाईंनी बघितलं, पुन्हा बघितलं, आणि किल्ली उचलून आपल्या पर्समध्ये टाकली. मी त्यांना मिठी मारली. त्यांनी मला थोपटलं (दोनदा, मी मोजलं).

सर्वांना नमस्कार, लहानांना पापे.

तुमची,
भाची

ता. क. आता आणखी गाठी तपासायच्या आहेत. तुमची आमच्याच कपाटात आहे, खालून तिसऱ्या कप्प्यात. तुमच्या सहीशिवाय मी तिला हात लावू शकत नाही. फॉर्म सोबत जोडला आहे. तुमच्या आत जंतू राहत होते म्हटल्यावर तुम्हाला अपमान वाटेल, पण चौकशी तरी होऊ दे.

ता. क. २. सही इथे येऊन, डॉक्टरांसमोरच करावी लागते. मंगळवारी सकाळी दहाला या. त्याच मजल्यावर तुमची तपासणीही आहे, जी तुम्ही दोनदा चुकवलीत असं मामीकडून कळलं.

ता. क. ३. खोटं लिहवत नाही. सही घरून पाठवली तरी चालते. तपासणी घरून होत नाही. आईही ठणठणीत आहे असंच सांगत राहिली, आणि तिचा ब्लॉक माझ्याकडे आला तेव्हा मला करण्यासारखं फक्त कापायचंच उरलं होतं. तुमचा दुसरा ब्लॉक मला कापायचा नाही, मामा. मंगळवारी मी इस्पितळाच्या फाटकाशी उभी असेन.