चपलांचा ढीग

लिंबायत, सुरत
जानेवारी १९९९

गजूदादा,

आमच्या चाळीतल्या ख्रिस्ती लोकांची प्रार्थना दर रविवारी वेगळ्या घरी असते आणि चपलांच्या ढिगावरून ते घर ओळखू येतं, हे तुला मीच बोलून गेले. तू माणसं आणून मार्थामावशीचं बायबल गटारात फेकलंस. लाज नाही वाटली?

काल पुन्हा आलास, तर प्रत्येक दारात ढीग! माझ्याही. चाळीनं होत्या नव्हत्या तेवढ्या चपला बाहेर मांडल्या होत्या. बाया बाहेर आल्या, तसे तुम्ही पळालात.

तुझी एक चप्पल राहिली. मी मावशीपाशी सगळं कबूल केलं, तेव्हा तिनं ती पुसून स्वतःच्या दारात ठेवली.

हे पत्र टाकायला मन धजत नाही. पण चप्पल न्यायला ये. एकटा ये, आणि दुसरीही तिथंच काढून आत ये.

तुझ्यावर रागावलेली,
उज्ज्वला