पिवळ्या शाईची परीक्षा

प्रिय शाझली,

तू स्फाक्सहून पाठवलेली शाईची बाटली पोचली. खरं सांगू? उघडण्याआधी मी तिचं बूच नीट तपासलं. रागावू नकोस. हल्ली या घरात मला कुणाचाच भरवसा वाटत नाही, आणि पहिला संशय तुझ्यावरच होता. तुझा तो दुकानदार दोस्त शाईत पाणी घालत असणार, असं मी धरूनच चालले होते.

आपल्या बाबांचं वेड तुला ठाऊक आहे. तांब्याच्या पाटीवर प्रिंटरने सर्किटच्या रेघा छापायच्या, ओव्हनमध्ये भाजायच्या, मग पाटी द्रावणात सोडायची. शाईखालचं तांबं टिकतं, बाकीचं विरघळतं. काळी शाई सुटते, पिवळी चिवट, म्हणून पिवळीच. पण तांब्यावर पिवळं दिसतं तरी कुणाला? बाबा पाटी उजेडात तिरकी धरतात, रेघ तुटलेली वाटली तर मार्करने जोडतात. आणि सध्या एकूण एक पाटी वाया जाते. गल्लीतल्या लग्नाच्या बँडला अँप्लिफायर करून द्यायचा शब्द दिलाय, त्यामुळे जेवणावरून उठून पाटीकडे जातात.

मग मी उम्मीवर, आपल्या आईवरच, नजर ठेवली. ती मधेच ओव्हन उघडत असेल, असं वाटलं. "तुझ्या बाबांची घाण माझ्या भाकरीशेजारी भाजू देते, तेच फार झालं," असं तिने मलाच ऐकवलं.

मंगळवारी बाबा तिला मोपेडवर मागे बसवून हल्क-अल-वादीच्या बंदरावर मासळी आणायला गेले. उम्मी नेहमीसारखी मागून ओरडत होती, "अहो, डावीकडे! खड्डा!" ते वळणाआड गेल्यावर मी स्वतः एक पाटी केली. तीच शाई, तोच ओव्हन. एकही रेघ तुटली नाही. आनंद व्हायला हवा होता, पण मी दारात जाऊन मोपेडच्या आवाजाची वाट बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी काहीच न छापलेली, कोरी पाटी ओव्हनमधून काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीशी धरली, बराच वेळ निरखली. "वा, दलंदा! या खेपेला शाई घट्ट बसली." मग एका जागी मार्करने अगदी बेताने रेघ जोडली आणि पाटी द्रावणात सोडली. मला रडू आवरेना, म्हणून मी गच्चीवर गेले. परत आले तेव्हा सगळं तांबं गेलं होतं, त्यांची तेवढी एक रेघ उरली होती. "शाझलीला कळव," ते म्हणाले, "शाई भेसळीची आहे."

म्हणून कळवते आहे. शाई चोख आहे. आता बाटली पाठवू नकोस, तू ये. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. तोवर मोपेडची किल्ली मी रव्याच्या डब्यात लपवली आहे. बाबा सकाळपासून शोधताहेत. उम्मीची भाकरी रव्याचीच, तिने तोच डबा उघडला, हात आत घातला आणि क्षणभर थांबली. मग माझ्याकडे न बघताच झाकण घट्ट लावलं आणि बाबांना म्हणाली, "मला काय विचारता? तुमची तुम्ही शोधा."

तुझीच,
दलंदा