चारपैकी एक

पेनाचं टोपण काढून मी ते परत लावलं, बाई. समोर स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका मुलीच्या बारावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत आहे आणि शेजारी अभिप्रायाचा कोरा कागद. कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले, गॅस बारीक केला, हात धुतले, पुसले, पुन्हा येऊन बसले. उत्तरपत्रिकेला हात लावण्याआधी हात धुवायचे, ही सवय तुमच्या घरची. पेनाला टोपण असतानाच उत्तर एकदा सबंध वाचायचं आणि मग पेन उघडायचं, हीसुद्धा तुमचीच. आज वाचून झालं आहे. पेन उघडलं की परत बंद होतं.

तुमच्या वेळी हे नव्हतं. आता निकाल लागल्यावर विद्यार्थी तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवू शकतो. ती शिकवणाऱ्या शिक्षकाने पाहायची, कुठल्या प्रश्नाला किती गुण मिळायला हवे होते ते लिहायचं, सही करायची, प्राचार्यांची सही घ्यायची. मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. या मुलीला डी.एड. करायचं आहे, इथल्या सरकारी कॉलेजात, म्हणजे घरून जाऊन येऊन होईल. गेल्या वर्षीची यादी जिथे थांबली तिथून ती दोन गुण खाली आहे. तोंडी परीक्षेचे गुण तिला जवळजवळ पूर्ण आहेत, पण ते सगळ्यांनाच असतात. आम्ही ते पसाभर वाटतो, शेजारचं कॉलेज वाटतं म्हणून. सगळ्यांना दिल्यामुळे ते कुणाच्याच उपयोगाचे राहिलेले नाहीत. उरतो तो लेखी पेपर, आणि त्यातला एक प्रश्न. बाकीचे मी पाहिले, त्यांचे गुण बरोबर आहेत.

प्रश्न असा: गावात झालेल्या वृक्षारोपण कार्यक्रमाचा अहवाल लिहा. गुण चार. तिने लिहिलं आहे: ‘आमच्या गावात वृक्षारोपण झाले. खड्डे गेल्या वर्षीचेच होते, ते साफ करून घेतले. पाहुणे उशिरा आले. फोटोसाठी सगळ्यांनी मिळून एक रोप धरले. बाकीची रोपे दुसऱ्या दिवशीही पिशवीतच होती. ती शेजारच्या काकूंनी त्यांच्या बांधावर नेऊन लावली. पाणी घालायला कोणाला नेमलेले नाही.’ खाली लाल गोलात एक.

तपासणाऱ्याला मी दोष देत नाही. गुणदानाची योजना माझ्याकडेही येते. प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि मनोगत, कार्यक्रमाचा तपशील, समारोप आणि आभार. एकेकाला एक. पाहुण्यांचं मनोगत तिने लिहिलेलं नाही, बहुधा ते तिला ऐकूच आलं नसेल. प्रास्ताविक एका वाक्यात उरकलं आहे. आभार नाहीत. पाण्याच्या शेवटच्या वाक्याला समारोप म्हणता येईल, थोडं ओढून. म्हणजे योजनेनुसार दोन होतात. तिला तीन हवेत.

पण ती असं का लिहिते, हे मला माहीत आहे. मी अकरावीत असताना तुम्ही मला स्नेहसंमेलनाचा अहवाल लिहायला सांगितला होता. ‘कार्यक्रम अत्यंत उत्साहात पार पडला,’ असं मी लिहिलं. तुम्ही वही हातात धरून वर्गातच विचारलंत, “माईक बंद पडला होता ना?”

“हो बाई.”

“नाटक अर्ध्यावर थांबवलं ना?”

“हो.”

“मग उत्साहात कसं पार पडलं? तू तिथे होतीस की नाही?”

वर्ग हसला. मी अहवाल पुन्हा लिहून आणला, माईकसकट. शिकवायला लागल्यापासून दर वर्षी हा प्रसंग मी वर्गात सांगते. मुलं हसतात. मग फळ्याकडे वळून मी म्हणते, अहवाल लिहिताना स्वतःला एवढंच विचारा, तुम्ही तिथे होता की नाही. ही मुलगी दुसऱ्या बाकावर बसायची. मखमलाबादहून यायची. ती हसली नव्हती, तिने ते लिहून घेतलं होतं.

आणि मग तुमचं नाशिकरोडचं स्वयंपाकघर. मी परीक्षक म्हणून नवीन होते आणि तुम्ही नियामक. आम्ही तपासलेल्यांपैकी काही उत्तरपत्रिका तुम्ही पुन्हा तपासायच्या, हिरव्या शाईने. तुमच्या जुन्या सुती साडीची पिशवी तुम्ही मला शिवून दिली होती, गठ्ठा उन्हातून नेताना हाताला काचू नये म्हणून. त्या दिवशी मी पिशवी घेऊन आले तेव्हा तुम्ही मेथांब्यासाठी कैऱ्या चिरत होता. विळी बाजूला सारलीत, हात धुतलेत, ओट्यापासून लांब खुर्ची ओढून बसलात. एका उत्तरावर थांबलात. विषय होता ‘माझे घर’, की तसंच काही. कुणा मुलाने किंवा मुलीने, कळायला मार्ग नव्हता, घरातल्या एकाच खिडकीबद्दल लिहिलं होतं आणि ती कोणासाठी उघडी ठेवतात त्याबद्दल. मी पैकीच्या पैकी दिले होते.

“हे काय?” तुम्ही म्हणालात.

“चांगलं लिहिलंय, बाई.”

“ते दिसतंय मला. मुद्दे कुठायत?”

“मुद्द्यांपेक्षा चांगलंय.”

“मग आरती कर त्याची. गुण मुद्द्यांना आहेत.”

मी काहीतरी बोलले असेन. तुम्ही पेन खाली ठेवलंत. “हे बघ, पेठच्या पोराचा पेपर निफाडच्या मास्तराकडे जातो. निफाडच्या पोरीचा तुझ्याकडे येतो. कुणी कुणाला बघितलेलं नाही. तुला रडू आलं म्हणून तू दिलेस. त्या मास्तराला रडू येत नसेल तर पेठच्या पोराने काय करायचं?” आणि हिरव्या शाईने अर्धे गुण काढून घेतलेत.

तुम्ही बरोबर होता. आजच्या दिवसापर्यंत मी तुमच्याच मापाने तपासत आले आणि माझ्या गठ्ठ्यातले गुण नियामकांना फारसे बदलावे लागले नाहीत. पण त्या दुपारी पुढे जे झालं ते मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नव्हतं. तुम्ही ती उत्तरपत्रिका घेऊन उठलात आणि बाहेरच्या खोलीच्या दारात उभ्या राहिलात. तुमचे सर वर्तमानपत्र वाचत होते. खिडकीचं ते उत्तर तुम्ही त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवलंत. सरांनी चष्मा काढला. “किती दिले?” त्यांनी विचारलं. तुम्ही सांगितलंत. “कमी दिलेस,” ते म्हणाले. तुम्ही म्हणालात, “हो.” आणि परत येऊन पुढची उत्तरपत्रिका उघडलीत.

त्या ‘हो’बद्दल मी तुम्हाला कधी विचारलं नाही. नंतर भेटी होत राहिल्या, तुम्ही निवृत्त झालात, सर गेले, तुमचं दुखणं आलं. दवाखान्यात मी तुमच्याजवळ बसायचे आणि आपण कोण कुठे बदलून गेलं ते बोलायचो. तुम्ही होता तोवर विचारायला हवं होतं की वर्गात एक आणि उत्तरपत्रिकेवर दुसरं, हे तुम्ही इतकी वर्षं कसं सांभाळलंत. वर्गात ‘तू तिथे होतीस की नाही’ म्हणताना तुम्हाला ते हिरवं पेन आठवायचं का? की परीक्षेत काय लिहायचं तेही तुम्ही आम्हाला सांगत होता आणि मी तेवढंच विसरले?

काल ती वडिलांना घेऊन कॉलेजात आली. गणेशवाडीच्या फुलबाजारात फुलं उतरवून ते तसेच आले होते, शर्टाला झेंडूच्या पाकळ्या होत्या. शिक्षकखोलीच्या दाराशी उभे राहून म्हणाले, “मॅडम, पोरगी लय हुशार हाय असं नाय म्हणत मी. पण खोटं नाय लिहिलं तिनं. रोपं खरंच पिशवीत होती. मी सोता पाह्यली.”

“आप्पा, गप ना,” ती म्हणाली.

“का गप? साक्षीला चला म्हटलं तर त्या काकू बी येतील.”

माझे सहकारी हसले. ती दोघं गेल्यावर सहकाऱ्यांपैकी एक म्हणाले, “अहो मॅडम, चारपैकी चार लिहून टाका. आपलं काय जातंय? सगळे तेच लिहितात.”

“सगळे लिहितात म्हणून तर बोर्डात कुणी आपले अभिप्राय वाचत नाही.”

“मग तर लिहाच. वाचणारच नाहीत.”

मी छायाप्रत पर्समध्ये घातली आणि घरी निघाले.

आत्ता थोड्या वेळापूर्वी मी ते उत्तर घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. यजमान मोबाइलवर काही बघत होते. मी उभ्यानेच वाचून दाखवलं. काकूंच्या बांधाशी ते हसले, पाण्याच्या वाक्याशी हसायचे थांबले. म्हणाले, “छान आहे. किती दिलेत?”

“एक. मी दोन लिहिणार आहे.”

“कमी आहेत गं.”

बाई, मला ‘हो’ म्हणता आलं नाही. मी म्हणाले, “योजनेत तेवढेच बसतात,” आणि आत आले. टोपण काढलं आणि लिहिलं: समारोपाचा एक गुण देय, एकूण चारपैकी दोन. सही केली. हे पत्र तुमच्या त्या पिशवीत ठेवते. ती अजून आहे, बंद नवे लावून घेतले.

पत्र पुन्हा बाहेर काढलं आहे, बाई. आज सकाळी ती मुलगी घरी आली. खाली तिचे वडील गाडीवर बसून होते. तिने अभिप्राय दारातच वाचला.

“दोनच, मॅडम?”

“योजनेनुसार दोनच होतात.”

“आणि तुम्ही तपासला असता तर?”

“दोनच दिले असते.”

ती म्हणाली, “ते वर्गातच सांगायचं होतं ना, मॅडम.” आवाज चढवला नाही. कागदाची घडी घातली आणि जिना उतरून गेली.

आज अर्जाची मुदत संपली. प्राचार्यांच्या सहीसाठी ती कॉलेजात आली नाही.