बदलीवाला येईपर्यंत

३ मार्च, सोमवार
सकाळच्या एसटीने नातेपुत्याहून आलो. सात रस्ता चौकात कडक चहा मारला आणि विचारत विचारत बंद गिरणीच्या जुन्या टाइम ऑफिसात पोचलो. दगडी बैठी इमारत, आत पंखा, टेबल, लाकडी खुर्ची. अजून काय लागतं माणसाला? निवृत्तीनंतर घरी बसून विजयमालेची बोलणी खाण्यापेक्षा हे बरं. एका संस्थेला इथं अभ्यासिका काढायची आहे. त्याआधी भोवतालच्या म्हाताऱ्यांकडून या इमारतीच्या आठवणी लिहून घ्यायच्या, एवढंच काम. सोळाला आमच्या ऋतुजाचा साखरपुडा, म्हणजे पंधराला मी घरी. तसं लेकीला वचनच दिलंय.

आधीचे गृहस्थ कुंडलिक खुर्चीतच होते, डोळे खोल गेलेले. बसायला आलात का, असं त्यांनी विचारलं. मी हसून म्हणालो, व्हय की, मी बसतो तुमच्या जागी, तुमी जावा. ते उठले, माझे दोन्ही हात धरून ढसाढसा रडले आणि अनवाणीच निघून गेले. कामाला फारच विटलेला माणूस दिसतो.

५ मार्च, बुधवार
आज चनमल्लप्पा आले. वय ब्याऐंशी, जन्म याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, गेलेला. ते म्हणाले, रोज सकाळी शेदीडशे बदलीवाले या खिडकीपुढं उभे असायचे. कायमवाला आला न्हाई की त्याचं काम बदलीवाल्याला. खिडकीत बसून हजेरी मांडणाऱ्या टाइमकीपरलाही तोच नियम. त्याचा बदलीवाला येऊन ‘मी बसतो’ म्हणेपर्यंत त्यानं ही खुर्ची सोडायची नाही. गिरणी बंद पडली त्या दिवशी सगळे घरी गेले, त्याचा बदलीवाला काही आला नाही. चौथ्या दिवशी दार उघडलं तेव्हा तो बसलेलाच होता. मेलेला.

दोन पानं सुवाच्य अक्षरात लिहिली. पाठ भरून आली.

८ मार्च, शनिवार
सोजरबाई मागच्याच गल्लीतल्या. गिरणीनंतर इथं दवाखाना झाला, मग रेशन दुकान, मग बालवाडी. त्यांनी सगळं पाहिलंय. त्या म्हणाल्या, कंपाउंडर असो, रेशनवाला असो, नाहीतर बालवाडीची बाई, या खुर्चीतलं माणूस कायम पिवळं पडलेलं, आणि प्रत्येकाचं एकच पालुपद, उद्या गावाकडं जायचं हाय. मी म्हणालो, मावशी, खुर्ची कुणाला सुटते? त्या हसल्या नाहीत. तुमी जेवलाव कवा, म्हणून विचारलं.

मला आठवेना.

११ मार्च, मंगळवार
भाड्याच्या खोलीवर तीन दिवस गेलेलो नाही. आज जेवायला म्हणून उठलो, दारापर्यंत गेलो, ऊन अंगावर आलं, आणि भानावर आलो तेव्हा खुर्चीत होतो. असं चारदा झालं. साखर कमी झाली असेल म्हणून सोजरबाईंनी दिलेली भाकरी खाल्ली. चव नाही. भूकही नाही. नुसता शीण. झोपून उठलं तरी जात नाही असा शीण.

१४ मार्च, शुक्रवार
चनमल्लप्पा खिडकीबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. कुनी आपल्या तोंडानं ‘मी बसतो’ म्हनलं तरच सुटशील, म्हणाले. पण ज्यो बसंल त्यो अडकंल. कुनाला बोलवू नगंस, बाबा.

मी त्यांनाच विचारलं, तुम्ही बसता का. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला विचारलं. ते मागं सरकले. मला माझीच किळस आली— पण ते हो म्हणाले असते तर मी उठलो असतो. खरं तेच लिहितो.

१६ मार्च, रविवार
साखरपुडा झाला. माझ्यावाचून.

विजयमालेचा फोन. आधी भांडली, मग रडली. उद्या ऋतुजा न्यायला येतेय म्हणाली. नको पाठवू, म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. आणि मी म्हणालो, लवकर पाठव.

बाप म्हणवून घ्यायची लाज वाटते.

१७ मार्च, सोमवार
दहा वाजले. फोन उचलत नाही पोरगी. गाडीत असेल. देवा, गाडी बंद पडू दे—

अकरा. दाराला आतून कडी घालायला गेलो. पुन्हा खुर्चीत.

आली. हातात अंगठी आहे. माझ्याकडं बघून रडतेय. मी मान वर करत नाही, लिहीतच राहतो. जा म्हणालो. जा गं. ऐकत नाही. पाण्याचा तांब्या पुढं केला. कपाळावर हात ठेवला. म्हणते, बाबा, किती दमलाय. म्हणते, तुमी उठा, तितं आडवं व्हा जरा, तवर मी—

नको म्हणायला हवं. एक शब्द. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत. नको

पाय हलके झाले— पाय—