लाल दिवा म्हणजे थांबा

मंगळवार, ४

सगळ्यात आधी कोण आलं, तर सलूनवाला! आणि मी समजत होते मीच. नातीला सकाळी ठणकावून सांगितलं होतं, मी काही तुझ्या त्या केंद्रात येणार नाही, मला कामं आहेत. मग तिच्याआधी पाऊण तास जाऊन दाराशी उभी! कामं कुठली ते विचारू नये.

केंद्र म्हणजे कोपऱ्यावरचं रंगाचं बंद दुकान. भिंतीवर अजून नमुन्याचे पट्टे आहेत – पिवळा, फिका पिवळा, त्याहून फिका. आता तिथे कॅमेरे, माईक, दोन कॉम्प्युटर. कुणीही जावं, फुकट शिकावं, आपल्या गल्लीतल्या माणसांचे आवाज गोळा करावेत. सगळं बघते ती एक चष्मेवाली मुलगी. खोली एका संस्थेची. पुढच्या गुरुवारी तिथले पाहुणे येणार, इथे खरंच माणसं जमतात का ते बघायला. न जमली तर खोली परत घेणार. म्हणून त्यांना ऐकवायला आपण काहीतरी तयार करायचं.

ही वहीही चष्मेवालीचीच. म्हणाली, आजी, रोज दिसेल ते लिहा, कुणी वाचणार नाही. चौथी शिकलेल्या बाईचं कोण वाचतंय!

बुधवार, ५

मला रेकॉर्डर मिळाला! टीव्हीच्या रिमोटएवढा. चष्मेवालीने बटणं दाखवली, मी मान डोलावली. समजलं की नाही हा प्रश्न वेगळा, मान मला फार छान डोलावता येते.

कुणाचा आवाज घ्यायचा यावर चर्चा. सलूनवाला म्हणाला, आजींच्या जाऊबाईंना विचारा, काय गळा होता त्यांचा. मी लगेच चहाचा विषय काढला.

जाऊ वरच्या मजल्यावर राहते. धाकटी. नऊ वर्षं अबोला आहे. माझ्यासमोर तिचं नाव काढायचं नाही असा दंडक मीच घातलाय, आणि आमच्या घरात माझा हा एकच दंडक पाळला जातो. बाकी मी काय सांगते ते भिंतींना सांगते.

गुरुवार, ६

सलूनमध्ये मुलाखत घेतली. आधी केस विंचरून गेले – जसं काही त्या यंत्रात केस दिसणार होते!

दिवा लाल होता. बटण दाबलं, दिवा विझला, म्हटलं झालं सुरू. मग विचारलं, दुकान कधी टाकलं, पहिलं गिऱ्हाईक कोण, असं सगळं. तो बिचारा इतका शुद्ध बोलायला लागला की समोरच्या गिऱ्हाइकाने अर्ध्या दाढीनिशी वळून बघितलं. संपल्यावर पुन्हा बटण दाबलं. दिवा लाल. थांबलं.

मग खऱ्या गप्पा झाल्या. तासभर. चहा दोनदा.

शनिवार, ८

आज कंबर धरलीय. मुलाखती घेणाऱ्यांना हे होतंच, असं मी नातीला सांगितलं. ती हसली. उगाच.

सोमवार, १०

फजिती! लाल दिवा म्हणजे सुरू! आता हे कुणाच्या डोक्यात यावं? जन्मभर रस्त्यावर लाल बघून थांबले, आणि या यंत्राचं उलटंच. माझी सगळी मुलाखत गेली, आणि नंतरच्या गप्पा मात्र अख्ख्या आत!

मला वाटलं चष्मेवाली रागावेल. ती हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी. म्हणाली, आजी, मुलाखतीपेक्षा हे फार चांगलं आहे, पाहुण्यांना हेच ऐकवूया. पण यात घरचंही आहे बरं का, एकदा ऐकून घ्या. मी म्हटलं, घरचं असणारच, घरचीच बाई आहे मी. लाव खुशाल. एवढं कौतुक कानात शिरल्यावर पुढचं ऐकायला जागा कुठे असते?

गुरुवार, १३

काय दिवस हा! क्रमाने लिहिते.

खुर्च्या घरोघरच्या आणल्या होत्या. पन्नासेक माणसं. ज्यांची कचऱ्याच्या डब्यावरून भांडणं होती तीही शेजारीशेजारी. पाहुणे तिघं. मी दुसऱ्या रांगेत, नवी साडी. नात कुणाला तरी हाताला धरून घेऊन आली आणि पुढच्या खुर्चीत बसवलं – जाऊ! बसली तीही आमच्याच घरच्या खुर्चीत. नातीकडे डोळे वटारले. तिने बघितलंच नाही.

दिवे मालवले. आधी कात्रीचा आवाज. मग बशीतून चहा पिण्याचा – माझा, आणि इतका मोठा! लोक हसले, मीही हसले. मग माझाच आवाज आला, आणि तेव्हा कुठे मला आठवलं की त्या दिवशी मी काय बोलले होते.

“पुतणीच्या लग्नात जाऊ गात होती. सगळा मांडव गप्प. तिच्यानंतर माझी पाळी होती. तिचं ऐकून माझ्या घशाला कोरड पडली. म्हणून मीच ओरडले, पुरे गं आता, लोकांना जेवायचंय. लोक हसले. ती मधेच थांबली. परत कधी गायली नाही.”

सलूनवाल्याने विचारलं, “मग तुम्ही गायलात?”

“छे. मी जेवायला बसले.”

लोक पुन्हा हसले. मला वाटलं जमीन फाटेल तर बरं. खुर्चीखाली जावं तर कंबर. आणि पुढे अजून होतंच – “नंतर दीडेक वर्षाने एकदा जिन्यात तिला हाक मारली. माफी मागणार होते. तिने वळूनही बघितलं नाही. मग मीही तोंड फिरवलं.”

दिवे लागले. जाऊ मागे वळली. माझ्याकडे बघून हसत होती! उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “छान झालं, ताई.”

नऊ वर्षांनी! सगळ्यांदेखत! मी रडले, नवीन साडीला डोळे पुसले.

पाहुणे खूश. खोली राहणार म्हणाले. फक्त मागच्यांना नीट ऐकू आलं नाही, तर पुढच्या गुरुवारी हेडफोन घेऊन येतो, सगळ्यांनी कानाला लावून पुन्हा ऐकायचं.

शुक्रवार, १४

काय हलकं वाटतंय! सकाळपासून गुणगुणतेय. नात म्हणाली, आजी, बेसूर. म्हटलं, असू दे. माफ झालेल्या माणसाला सूर लागत नसतात.

सलूनवाला रस्त्यात भेटला. म्हणाला, काळीज मोठं हो तुमच्या जाऊबाईंचं. मी म्हटलं, आहेच मुळी. आमच्या घरातली आहे!

शनिवार, १५

तिच्याकडे जायचं ठरवलं. साडी कुठली नेसावी यातच दुपार गेली. उद्या.

सोमवार, १७

काल जाणं राहिलंच. नातीला म्हटलं, बघ, सगळं ऐकूनही एका शब्दाने टोचून बोलली नाही, कशी हसली. नात माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “आजी, धाकट्या आजीला कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू कुठे येतं? आठ वर्षं झाली. म्हणून तर पुढे बसवलं. तुझ्यासमोर तिचं नाव काढायचं नाही ना, मग सांगणार कोण?”

आठ वर्षं. जिन्यातली ती हाकही तिला ऐकू गेली नव्हती.

आता वर जाऊन तोंडाने सांगायला हवं, तेही ओरडून. अख्खी इमारत ऐकेल. ओरडायला माझा गळा चांगला आहे, ते लग्नात सिद्धच झालंय. तेवीस पायऱ्या आहेत.

हेडफोन घेऊन पाहुणे येणार गुरुवारी, २० तारखेला. त्याच्या आत.